दुधीचं फूल कधी उमलतं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. माझ्या आधी घरात कुणाला अक्षराची ओळख नव्हती. वडील, ज्यांना मी दादा म्हणायचो, अंगठा उठवायचे. मी शिकलो तो आत्याच्या हट्टामुळे. पूर्णेच्या शाळेत नाव घालायला मला तीच घेऊन गेली. राज्य निजामाचं, त्यामुळे शाळा उर्दू. मौलवीसाहेबांनी विचारलं, "बाप कुठाय?" आत्या म्हणाली, "बाप मोटंवर हाय. मी आत्या हाय. चालत न्हाई का?" मौलवीसाहेब हसले आणि माझं नाव लिहून घेतलं.

पुढे मी परभणीला शिकलो आणि मग हैदराबादला कॉलेजात गेलो. चुडाव्याच्या स्टेशनापासून आमचं गाव तीन कोस. प्रत्येक वेळी आत्या मला स्टेशनापर्यंत पोचवायला यायची. गाडी हलेपर्यंत उभी राहायची.

घरात आत्याच्या मालकीचं काही नव्हतं. होतं ते माळवं. आमच्याकडे भाजीपाल्याला माळवं म्हणतात. विहिरीच्या थारोळ्याखाली, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या हौदाखाली, वीसेक वाफ्यांचा तुकडा होता. तो कागदावर वडिलांच्या नावे होता, पण तिथं काय लावायचं, किती तोडायचं, कुणाला द्यायचं हे आत्या ठरवायची. घरात काही सांगायचं झालं तर ती हळू आवाजात सांगायची. माळव्यात मात्र तिचा आवाज विहिरीच्या पलीकडे ऐकू जायचा.

तिथले कायदेही तिचेच. उपाशीपोटी भोपळ्याचं बी टोकायचं नाही, फळ आतून पोकळ निघतं. मिरची लावायची तर घरात भांडण झालं असेल त्या दिवशी. तान्ह्या फळाला बोट दाखवायचं नाही, ते सडतं. दाखवायचंच झालं तर बोट वाकडं करायचं, आणि चुकून सरळ गेलंच तर ते लगेच दातांखाली चावायचं. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, कारण झाड झोपतं. लहानपणी मी कितीदा स्वतःचं बोट चावलं आहे. पुढं परभणीच्या बोर्डिंगात असताना एकदा वर्गाच्या खिडकीतून मी आंब्याच्या कैरीकडे बोट दाखवलं आणि सवयीनं चावलं, तर मुलं दोन दिवस हसत होती.

मी सांगतो आहे ती गोष्ट कॉलेजातल्या माझ्या दुसऱ्या वर्षाची. परीक्षा संपवून हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी गावी पोचलो. पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ माळव्यात गेलो.

शिवरात्रीला लावलेला दुधी मांडवावर चढला होता. पाला हिरवागार, फुलंही पुष्कळ दिसत होती. आत्या मांडवाखाली उकिडवी बसून काहीतरी वेचत होती. मला पाहून उठली नाही. ओटीतलं पुढं करून म्हणाली, "बग."

ओटीत दुधीच्या कळ्या होत्या. बोटाएवढ्या, लव असलेल्या, टोकाकडून पिवळ्या पडलेल्या.

"रोज अशा गळायल्यात. पाडव्यापासून एक फळ धरलं न्हाई."

"पाणी कमी पडत असेल."

"पाणी दोन वक्ताला देतोय की." तिनं मोटेवरच्या गड्याकडं मान वळवली. "कुणी बोट दावलं ते बी सगळ्याला इचारून झालं."

गडी धावेवरून, मोटेच्या उतारावरून, बैल मागं घेत होता. तिथूनच म्हणाला, "मला कामून बगता, आत्याबाई? दोन्ही हातांत दोन बैलांच्या शेपट्या. बोट दावायला तिसरा हात आणू कुठून?"

"तुज्या तोंडालाच बोटं हायती," आत्या म्हणाली. गडी हसला, तीही थोडी हसली.

खरी गोष्ट मला जेवताना कळली. विहिरीचं पाणी त्या साली चैत्रातच चार परस, म्हणजे चार पुरुष, खाली गेलं होतं. बैलांना वैरण नव्हती. वडिलांना थारोळ्याखालच्या तुकड्यात कडवळ पेरायचं होतं, म्हणजे वैरणीची ज्वारी. ते वाईट बोलले नाहीत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मिरगापर्यंत बगतो, अक्का. येल लागला तर ऱ्हाऊ दे. न्हाई लागला तर मोडावं लागंल."

"आन् वांगी? मिरच्या?"

"ते कुठं टिकलंय उन्हात? दुधीवरच हाय ना सगळं."

आत्यानं मान हलवली. त्या रात्री ती अर्धीच भाकरी जेवली, एवढं मला आठवतं. माळवं मोडलं तर आत्या आमच्या घरात काय करणार होती? दळण, निवडण, शेण. आईच्या हाताखाली. आई काही कजाग नव्हती, पण घर तिचं होतं आणि आत्या घरात राहणारी होती. हे मला तेव्हाही नीट कळत होतं.

आणि मला वाटलं की उपाय माझ्याकडे आहे. त्याच वर्षी आम्हांला वनस्पतिशास्त्र होतं. पुस्तक उर्दूत. त्यात 'कद्दू' या वेलीवर एक पूर्ण प्रकरण होतं. तिची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नर फुलातला जीरा, म्हणजे पराग, माश्यांच्या पायांना लागून मादी फुलात पडला तरच फळ धरतं. माश्या नसतील तर माणसानं सकाळी हातानं जीरा लावावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. हैदराबादेत दुधीला कद्दूच म्हणतात. खानावळीत आम्ही कद्दूची भाजी, कद्दूची खीर खाल्लेली. माझ्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं. आमच्या बांधावरच्या पिंपळाचं आग्या मोहोळ त्या फाल्गुनात कुणीतरी जाळून उतरवलं होतं, हेही मला गड्याकडून कळलं. सगळा हिशेब जुळला.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला समजावून सांगितलं. ज्या फुलामागं बारीक कळी असते ते मादी, नुसत्या दांड्यावरचं ते नर.

"ते मला ठावं हाय," आत्या म्हणाली. "नुसत्या दांड्याची ती वांझोटी."

"वांझोटी नाहीत. त्यांच्यातला जीरा हिच्यात पडावा लागतो."

"फुलात जिरं असतंय?" तिनं पदर तोंडाला लावला. "मंग फोडणी कोण देतंय रे? पाखरं?"

मग मात्र तिनं हसणं थांबवलं आणि विचारलं, "बुकात हाय?"

"आहे."

"तर मंग कर," ती म्हणाली. "कळीला हात लावू नये म्हणत्यात. पर तुला शिकीवलंय कशाला?"

त्या वाक्याचं ओझं मला तेव्हा वाटलं नाही. मला अभिमान वाटला.

सकाळी मोट चालू असताना मी दारं धरायचो, म्हणजे एका वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचो. न्याहारीला मोट सुटली की मांडवाखाली जायचो. तोवर ऊन चांगलं वर आलेलं असे. फुलं माना टाकून मिटलेली असत. मी ती बोटांनी उघडायचो, नर फूल तोडून मादी फुलावर घासायचो. पांढऱ्या पाकळ्या हाताला चिकटायच्या. त्या कोमेजलेल्या का आहेत, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. वैशाख जवळ आला होता. त्या उन्हात माणसं कोमेजत होती.

कॉलेजात आम्हांला शिकवलं होतं की प्रयोग केला तर खूण ठेवावी. मी आत्याकडे दोरा मागितला. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा काठ उसवून मला धागे काढून दिले. हात लावलेल्या प्रत्येक कळीच्या देठाला मी एक एक धागा सैलसर बांधला. अकरा कळ्या झाल्या.

आत्या रोज सकाळी त्या मोजायची. बोट वाकडं करून.

पाचव्या दिवशी तीन पिवळ्या पडल्या. आठव्या दिवशी सात. मी म्हणालो, थोडं थांबू. ती म्हणाली, "थांबू की." दहाव्या दिवसापर्यंत अकराच्या अकरा गळाल्या होत्या. माझा हात न लागलेल्याही गळत होत्याच. पण त्यांना धागे नव्हते, त्यामुळे त्या कुणाच्या डोळ्यांत भरल्या नाहीत.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी आई माळव्यात मांडवाच्या सावलीत टिकलेली कोथिंबीर न्यायला आली. मांडवाखाली तिला धागा बांधलेली एक कळी सापडली. तिनं ती हातात घेऊन मला विचारलं, "ह्यो दोरा कशाचा रे?"

"आत्याच्या लुगड्याचा. मीच बांधला."

मी खरं तेच सांगितलं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. आईनं धागा बोटानं चाचपला. मग हळूच म्हणाली, "ईधवेच्या लुगड्याचा दोरा फळाला बांदलास?"

"त्यानं काय होतंय, आई? फळं आधीपासूनच गळत होती."

"तेच म्हन्ते मी," आई म्हणाली. "आदीपास्नंच."

वीस वर्षं आत्या त्या वेलींत हिंडत होती. वेल लागत होते तोवर तिच्या सावलीचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आईच्याही नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो धागा मी बांधला नसता तर तो शब्द आमच्या माळव्यात आलाच नसता. मी आईशी वाद घातला. जीरा, माश्या, मोहोळ सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तू लावलेल्या का गळाल्या?" याचं पुस्तकात उत्तर नव्हतं.

आखितीला आमच्याकडे पावसाळी वेलींची आळी करतात. त्या दिवशी टोकलेलं बी वाया जात नाही असं मानतात. दरवर्षी आत्या न्याहारी करून, पोट भरून, ओट्यावरच्या गाडग्यातलं बी काढायची आणि आळ्यांत टोकायची. त्या दिवशीही ती बी घेऊन आली. वडिलांनी आळी खणून ठेवली होती. गडी पाण्याची घागर घेऊन उभा होता.

आई पुढं झाली. "वन्सं, औंदा मी लावते."

आवाजात जोर नव्हता. खाली बघून बोलली. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ती आता मोठ्या आवाजात काहीतरी बोलेल, माळव्यात बोलायची तशी. मी तिच्या बाजूनं बोलायला तोंडही उघडलं. ती म्हणाली, "तू गप ऱ्हा."

मग तिनं बी आईच्या ओंजळीत ओतलं. "लाव माय. माजा हात जड झालाय. मलाच कळाया पायजे हुतं."

ही शेवटची दोन वाक्यं मला सर्वांत जास्त लागली. तिला कुणी काढलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं ते खरं मानलं होतं. वडिलांनी फावडं उगाचच बांधावर दोनदा आपटून माती झाडली. गड्यानं त्या दिवशी एकही थट्टा केली नाही. आत्या आळ्यांपासून लांब थारोळ्यावर जाऊन बसली, आणि बी किती खोल टोकायचं हे आईला तिथूनच सांगत राहिली. "दोन पेरं. तीन नको. टोक खाली."

मी गावी होतो तोवर ती पुन्हा मांडवाखाली गेली नाही.

चार दिवसांनी मला हैदराबादला परतावं लागलं. तिथं एका वकिलांच्या मुलांना शिकवून मी जेवत होतो आणि त्यांची सुट्टी संपली होती. चुडाव्याला आत्या आली. फलाटावर मी म्हणालो, "आत्या, तुझी चूक नाही." ती म्हणाली, "गाडी आली बग."

हैदराबादला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांच्या घरी गेलो. खुर्चीवर बसायलाही मला धीर होत नव्हता. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "फूल का रंग क्या था, मियाँ?"

मी म्हणालो, "सफेद."

ते म्हणाले, "किताब का कद्दू आपका कद्दू नहीं है."

पुस्तक लिहिणारे उत्तरेकडचे. त्यांचा कद्दू म्हणजे आपला लाल भोपळा. त्याचं फूल पिवळं आणि ते पहाटे उमलतं. पुस्तकातलं चित्र काळ्या शाईचं होतं. रंग कळायला मार्ग नव्हता. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास उमलतं. त्याच्यावर माश्या कमी येतात, अंधारातले पतंग येतात. सकाळी ऊन चढल्यावर मी ज्या फुलांना उघडत होतो त्यांची वेळ केव्हाच संपली होती. प्रोफेसर हेही म्हणाले की इतक्या उष्म्यात कदाचित काहीच साधलं नसतं, पण संध्याकाळी करून पाहायला हरकत नाही. त्यांनी मला चहा दिला. मी तो घेतला की नाही ते आठवत नाही.

मृगाला अजून वीसेक दिवस होते. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. लिहिताना मला दोन गोष्टींची भीती होती. एक, आत्याला वाचता येत नव्हतं. गावात मराठी वाचणारे एक पोथीवाले बुवा होते आणि ते पत्रही पोथीसारखं मोठ्यानं, चार माणसांत वाचत. दुसरी, दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये, झाड झोपतं, हे मला आत्यानंच शिकवलं होतं.

पत्राला उत्तर आलं नाही. कोण लिहिणार होतं?

दिवाळीला गेलो तेव्हा थारोळ्याखाली कडवळ कापून झालं होतं, धसकटं उभी होती. आत्या अंगणात डाळ निवडत होती. बैल चांगले दिसत होते, हेही सांगायला हवं. वडिलांचं काही चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही.

मी विचारलं, "आत्या, पत्र पोचलं?"

"पोचलं की. बुवानं दोनदा वाचून दावलं."

"मग?"

ती सुपातले खडे बाजूला करत राहिली. "गेले हुते. दिवे लागल्यावर गेले. तू लिव्हल्यावाणी समदी उमलली हुती बग. मांडव निस्ता पांढरा." मग म्हणाली, "लय बगत ऱ्हायले. हात न्हाई लावला. झाड झोपलेलं असतंय, बाळा. आन् माज्यासारखीनं…"

तिनं सूप उचललं आणि ती डाळ पाखडू लागली. त्यानंतर आमच्या घरी माळवं बाजारातून यायचं. ती आणखी नऊ वर्षं जगली. मी पदवी घेऊन आलो तेव्हा तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, कपाळाला लावला आणि मला परत दिला.

त्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्याजवळ राहिला आहे. पक्कं पत्र याहून थोडं नेटकं होतं, पण मजकूर हाच.

'आत्या,

हे पत्र बुवा वाचून दाखवतील. बुवांना माझी विनंती आहे की त्यांनी हे आत्याला एकटीला, माळव्याकडे नेऊन वाचावं. ते शक्य नसेल तर सगळ्यांनी ऐकावं, त्यातही माझी हरकत नाही.

दुधी गळाला तो तुझ्यामुळे नाही. मी पुस्तक चुकीचं वाचलं. पुस्तकात होता तो लाल भोपळा, आणि मी तो दुधी समजलो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. मी सकाळी गेलो. माझ्या हाताला यश आलं नाही, कारण मी अवेळी गेलो. तुझ्या दोऱ्याचा त्यात काही संबंध नाही. आई, तू ऐकत असशील तर तुलाही हेच सांगतो. दोरा मी मागितला होता.

आता काय करायचं ते लिहितो. दिवे लागले की मांडवाखाली जा. फुलं उघडलेली दिसतील. नुसत्या दांड्याचं फूल तोड, पाकळ्या मागं मोड, आणि कळी असलेल्या फुलाच्या मधोमध हलकेच टेक. रोज चार-पाच फुलांना केलंस तरी पुरे. मृगाच्या आत दोन फळं जरी धरली तरी दादा माळवं मोडणार नाहीत. ते शब्दाचे पक्के आहेत.

दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये हे मला ठाऊक आहे. तूच शिकवलंस आणि मी आजवर पाळलं. इथले प्रोफेसर म्हणतात की दुधी त्या वेळी जागा असतो. ते खूप शिकलेले आहेत. पण तुला त्यांचं पटलं नाही तर मी काय करणार? मी इथं आहे. तिथं असतो तर मीच जाऊन हात लावला असता आणि पाप लागलं असतं तर मला लागलं असतं.

शिकून मी तुझ्या उपयोगी पडेन असं तुला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच वेळी मी तुझं नुकसान केलं. तू मला रागाचा एक शब्दही बोलली नाहीस, ते मला फार जड जातं आहे. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

गुडघा दुखतो म्हणालीस त्याला एरंडाचं तेल चोळत जा. पुढच्या वेळी स्टेशनापर्यंत येऊ नकोस, तीन कोस फार होतात.

एकदा तरी जाऊन बघ, आत्या.

तुझा,
तू शाळेत घातलेला'